वाचकांचे प्रश्न : स्पा हॉटेलातील विश्रांती

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये स्पा हॉटेलातील मुक्कामाविषयीच्या पत्रांचा भरणा इतका आहे की, इतर विषय पुढील अंकासाठी राखून ठेवून हे सदर त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून मजकूर आवश्यक तेथे संक्षिप्त केला आहे. बहुतेक पत्रांत प्रकृतीचे खासगी तपशील असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. बऱ्याच काळानंतर चार दिवसांची सलग रजा जुळून आली असून ती एका स्पा हॉटेलात घालवायचे ठरले आहे. हॉटेलच्या पॅकेजमध्ये रोज तीन उपचार, सकाळी व्यायामवर्ग आणि संध्याकाळी ध्यान असा भरगच्च कार्यक्रम आहे. पैसे मोजलेच आहेत तर काहीही सोडू नये, असे यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र ते वेळापत्रक वाचूनच दमायला होते. काय करावे?

उत्तर : वेळापत्रक वाचून आपल्याला आलेला थकवा हाच त्यावरचा योग्य अभिप्राय आहे. रोज तीन उपचार म्हणजे प्रत्यक्षात रोज तीन वेळा कपडे बदलणे, तीन वेळा ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या दारापाशी पोहोचणे आणि मधल्या वेळात पुढचा उपचार किती वाजता आहे हे ध्यानात ठेवणे. एकापाठोपाठ एक बैठका असलेल्या कार्यालयीन दिवसात आणि अशा दिवसात मग फरक उरतो तो केवळ पोशाखाचा.

कामाच्या ताणातून माणूस कसा सावरतो, याचा अभ्यास करणाऱ्या सबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधिकांनी २००७ मध्ये या सावरण्याची चार अंगे मांडली : कामापासून मनाने सुटणे, शरीर आणि मन सैलावणे, काही नवे जमल्याचे समाधान मिळणे आणि आपला वेळ आपल्या हाती असणे. यांपैकी दुसरे अंग स्पा हॉटेल उत्तम रीतीने पुरवते, आणि पैसेही प्रामुख्याने त्याचेच घेते. पहिले आणि चौथे मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये मिळत नाही, किंबहुना पॅकेज जितके भरगच्च तितके चौथे अंग आक्रसत जाते. टेबलावर मसाज सुरू असताना न वाचलेल्या ईमेलांचा हिशेब डोक्यात चालू असेल, तर थेरपिस्टचे हात कितीही कुशल असले तरी खांदे पुन्हा घट्ट व्हायला खोलीपर्यंतचे अंतर पुरते.

त्यामुळे माझा सल्ला असा की, दिवसाला एकच उपचार ठेवावा आणि तोही शक्यतो दुपारनंतरचा, म्हणजे सकाळ गजराविना उजाडेल. पोहोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नये. प्रवासाचा शीण अंगात असताना घेतलेला मसाज बऱ्याचदा अर्ध्या झोपेत निघून जातो, आणि गाडीला उशीर झालाच तर रिसेप्शनला फोन करत धावपळ होते ती वेगळीच. निघण्याच्या दिवशीही तेच. सॉना किंवा वाफेची खोली वापरायची असेल तर ती मसाजच्या आधी घ्यावी. उष्णतेने स्नायू सैलावलेले असतात आणि मसाजमध्ये लावलेले तेल घामावाटे निघून जात नाही. पोटभर जेवण आणि मसाज यांत निदान दीड-दोन तासांचे अंतर हवे. मसाजनंतर मात्र अर्धा-पाऊण तास पूर्ण मोकळा ठेवावा, कारण या सबंध प्रकारातला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो आणि वेळापत्रकात सर्वांत आधी कापला जातो तोही तोच.

मोजलेल्या पैशांविषयी म्हणाल तर, बुकिंग करतानाच हॉटेलला फोन करून दोन छोट्या उपचारांऐवजी एक दीर्घ उपचार मिळेल का, हे विचारावे. बरीच हॉटेले अशी अदलाबदल करून देतात. फक्त ती आयत्या वेळी न मागता आधी मागावी लागते. आणि यजमानांना खरोखरच सगळे उपचार घ्यायचे असतील तर ते त्यांनी अवश्य घ्यावेत. पतिपत्नींनी एकत्र सुटीवर जाणे याचा अर्थ दोघांनी एकाच वेळी एकाच टेबलाशेजारी पडून राहणे असा होत नाही. ते उपचारकक्षात असतील तेवढा वेळ आपण बाल्कनीत पुस्तक घेऊन बसलात, तर आपापल्या वेळावर दोघांचाही ताबा राहील.

एक अपेक्षा मात्र आधीच थोडी कमी करून ठेवावी. जेसिका डे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घ सुटीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वोच्च पातळीला पोहोचलेले आणि कामावर परतल्यानंतर आठवडाभरातच पूर्वपदावर आलेले आढळले. चार दिवसांत वर्षाचा थकवा फिटेल असे कुणी सांगत असेल तर ती जाहिरात समजावी. परतल्यावर लगेच दुसऱ्या सकाळी कामावर हजर होण्याऐवजी एक दिवस घरी काढता आला तर तो चार दिवसांतून कापूनही काढण्यासारखा आहे, असे मला वाटते.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. रक्तदाबाची गोळी नियमित चालू असून रक्तदाब आटोक्यात आहे. पत्नीला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. आम्ही सॉना, वाफेची खोली आणि त्यानंतरचे थंड पाण्याचे कुंड वापरावे का? हॉटेलच्या अर्जात आजारांची माहिती विचारली आहे. ती भरल्यास प्रवेश नाकारतील अशी भीती वाटते.

उत्तर : अर्जापासून सुरुवात करतो. तो खरा भरावा. आजार लिहिला म्हणून प्रवेशच नाकारला जाणे क्वचित घडते. बहुधा एखाद्या उपचाराऐवजी दुसरा सुचवला जातो किंवा डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जाते. आजार लपवला तर मात्र थेरपिस्टला आणि तेथील परिचारिकेला अंधारात ठेवून आपणच आपली सुरक्षा काढून घेतो.

आता उष्णतेविषयी. पारंपरिक सॉनामध्ये हवा कोरडी आणि साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअस इतकी तापलेली असते; वाफेच्या खोलीत तापमान ४० ते ५० अंशांच्या आसपासच असते, परंतु हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही आणि कमी तापमानातही शरीराला उकाडा तितकाच जाणवतो. दोन्हींत त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या पुढे जातात, क्वचित १५० पर्यंतही पोहोचतात, आणि रक्तदाब उतरू शकतो. रक्तदाबाच्या गोळीचा परिणामही त्याच दिशेचा असल्यामुळे आपल्यासारख्यांच्या बाबतीत धोक्याचा क्षण आत बसलेले असतानाचा नसून उठून उभे राहतानाचा असतो. झटकन उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या फरशीवर तोल जाणे हा स्पामधला सर्वांत साधा तरीही गंभीर अपघात आहे. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असेल तर घामाने होणारी पाण्याची घट आणखी वाढते. छातीतील दुखण्यासाठी नायट्रेट वर्गातील औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊलही टाकू नये.

रक्तदाब आटोक्यात असलेल्या बहुतेकांना डॉक्टर बेताने सॉना घेण्याची परवानगी देतात. आपल्याला तशी मिळाल्यास सर्वांत खालच्या बाकावर बसावे, कारण वरच्या बाकावरची हवा बरीच अधिक तापलेली असते. पहिल्या खेपेस पाच ते आठ मिनिटे पुरे. बाहेर येण्याआधी मिनिटभर पाय खाली सोडून बसावे, मग सावकाश उठावे, पाणी प्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे आडवे व्हावे. त्या दिवशी मद्य अजिबात नको, आधीही नको आणि नंतरही लगेच नको. सॉनामधील मृत्यूंच्या नोंदींत मद्याचा संबंध वारंवार आढळतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, छातीतील दुखणे अस्थिर असलेल्यांनी आणि हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्यांनी सॉनापासून दूरच राहावे.

सॉनामुळे हृदय सुधारते असे छापून आलेले आपण वाचले असेल. त्या बातम्यांच्या मुळाशी प्रामुख्याने फिनलंडमधील एक अभ्यास आहे. यारी लाउक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेतला आणि २०१५ मध्ये असे मांडले की, आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. अभ्यास मोलाचा आहे, परंतु तो निरीक्षणाचा आहे. आठवड्यातून इतक्या वेळा सॉनात बसू शकणारी माणसे मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता त्यातून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय ही माणसे लहानपणापासून सॉनाला सरावलेली होती. चार दिवसांच्या मुक्कामात तो लाभ पदरात पाडून घेण्यासाठी अधिक वेळ आत बसणे हे निव्वळ साहस ठरेल.

पत्नीच्या बाबतीत अधिक काळजी हवी. उष्णतेमुळे इंजेक्शन घेतलेल्या जागेतून इन्सुलिन रक्तात वेगाने उतरते आणि साखर अनपेक्षितपणे खाली येऊ शकते. घाम फुटणे आणि छाती धडधडणे ही साखर उतरल्याची लक्षणे सॉनातल्या नेहमीच्या घामात लपून जातात. त्यामुळे इन्सुलिन घेतल्यावर लगेच आत जाऊ नये, आधी आणि नंतर साखर तपासावी, आणि इन्सुलिनचे पेन किंवा पंप उष्ण खोलीत नेऊ नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर गरम फरशीचा चटका त्यांना कळणारही नाही, म्हणून चप्पल घालूनच वावरावे. त्वचेवर चिकटवण्याच्या वेदनाशामक पट्ट्या वापरणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे की, उष्णतेत त्या पट्टीतून औषध वेगाने शरीरात शिरते. फेंटानिलच्या पट्टीबाबत हे प्राणघातक ठरू शकते.

थंड पाण्याच्या कुंडाविषयी माझे मत स्पष्ट आहे : आपण दोघांनीही ते सोडून द्यावे. गार पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब क्षणात चढतो. कोमट पाण्याच्या शॉवरखाली हळूहळू पाणी गार करत जाण्यानेही शरीर पुरेसे थंडावते, आणि त्यात कुणाला शौर्य दाखवावे लागत नाही.

प्रश्न : तीन दिवसांच्या ‘डिटॉक्स’ मुक्कामात शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात आणि वजनही उतरते, असे माहितीपत्रकात लिहिले आहे. यात तथ्य किती?

उत्तर : शरीरातील नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि ती स्पामध्ये न जाताही अहोरात्र चालू असतात. घाम हा मुख्यतः पाणी आणि मीठ असून त्याचे प्रयोजन शरीर थंड ठेवणे हे आहे. सॉनानंतर काट्यावर कमी दिसणारे वजन म्हणजे गेलेले पाणी; ते दोन-तीन पेले पाण्याने परत येते आणि यायलाच हवे. ‘कोणते विषद्रव्य, आणि ते आधी व नंतर कसे मोजता?’ एवढे दोनच प्रश्न रिसेप्शनवर विचारून पाहावेत. नेमके उत्तर मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आतडी धुण्याचा उपचार अशा पॅकेजमध्ये असेल तर तो नाकारावा, त्यात आतड्याला इजा होण्याचा धोका खरा आहे.

तरीही तीन दिवसांनी लोकांना बरे वाटते, हे खोटे नाही. त्याची कारणे साधी आहेत : मद्य आणि धूम्रपान बंद, जेवण वेळेवर, चालणे भरपूर, झोप पुरेशी, निर्णय कमी. एकोणिसाव्या शतकात पाण्याच्या उपचारांची लाट आणणारे व्हिन्सेंट प्रीसनिट्झ (१७९९–१८५१) आणि धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांनीही केवळ पाण्यावर भिस्त ठेवली नव्हती. क्नाइप यांच्या पद्धतीत पाण्याच्या जोडीला वनस्पती, व्यायाम, आहार आणि जीवनातील शिस्त यांना तितकेच स्थान होते. युनेस्कोने २०२१ मध्ये सात देशांतील ज्या अकरा ऐतिहासिक स्नाननगरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत बेल्जियममधील स्पा, इंग्लंडमधील बाथ, जर्मनीतील बाडेन-बाडेन आणि चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी यांचा समावेश आहे. तेथे झऱ्यांच्या बरोबरीने स्तंभांचे लांबलचक आच्छादित मार्ग, उद्याने आणि आसपासच्या टेकड्यांवरील पायवाटा जपलेल्या दिसतात. पाहुण्याला चालते ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जात असे, आणि त्या काळी मुक्काम दिवसांत नव्हे तर आठवड्यांत मोजला जाई. पॅकेज निवडताना परिसरात चालण्याजोगी वाट आहे का, हे पाहणे मला उपचारांची यादी पाहण्याहून महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मसाज घेण्याची इच्छा आहे, परंतु अनोळखी व्यक्तीसमोर कपडे उतरवण्याच्या कल्पनेनेच संकोच वाटतो. थेरपिस्ट पुरुष असला तर काय करावे? सॉनामध्ये काय घालतात?

उत्तर : बुकिंग करतानाच ‘स्त्री थेरपिस्ट हवी’ असे सांगावे, ही अत्यंत सामान्य मागणी असून तिचे कारण देण्याची गरज नसते. कपडे बदलताना थेरपिस्टने खोलीबाहेर जाणे आणि मसाज चालू असलेला भाग वगळता उरलेले शरीर चादरीने झाकलेले ठेवणे, ही या व्यवसायातील प्राथमिक शिस्त आहे. अंतर्वस्त्रे अंगावर ठेवता येतात. तरीही मन घेत नसेल तर केवळ पायांचा किंवा डोके-मान-खांद्यांचा मसाज घ्यावा, किंवा संपूर्ण पोशाखात दिला जाणारा मसाज निवडावा. पोट, छाती वा मांडीचा वरचा भाग नको असेल तर ते सुरुवातीलाच सांगावे. दाब अधिक वाटला तर मुकाट्याने सोसू नये; ‘थोडे हलके’ एवढे दोन शब्द पुरतात, आणि चांगल्या थेरपिस्टला ते ऐकायचेच असतात. गप्पा मारण्याचे बंधन नाही. आणि कोणत्याही क्षणी स्पर्श अयोग्य वाटला तर उपचार तेथेच थांबवून उठावे व व्यवस्थापकांकडे तक्रार करावी; मग पैसे भरले आहेत, हा विचार मनात आणू नये.

सॉनातील पोशाखाचे नियम देशागणिक आणि हॉटेलागणिक बदलतात. जर्मनीतील अनेक सॉनांमध्ये पोहण्याचा पोशाख चालतच नाही आणि स्त्री-पुरुष एकत्र, केवळ टॉवेल घेऊन बसतात. इतर अनेक देशांत पोशाख सक्तीचा असतो. बऱ्याच ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवलेली असते. हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे दारापाशी गोंधळ उडणार नाही.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. बाळंतपणाआधी शेवटची शांत सुटी म्हणून स्पा हॉटेलात जावे असे वाटते.

उत्तर : अवश्य जावे, मात्र सॉना, वाफेची खोली आणि गरम पाण्याची जकुझी ही तिन्ही टाळावीत. गर्भारपणात शरीराचे आतील तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा वैद्यकीय सल्ला असतो. पहिल्या तिमाहीत त्याचा धोका विशेष असतो, आणि नंतरही चक्कर येण्याची शक्यता राहतेच. आपल्या डॉक्टरांची संमती घेऊन, गर्भवतींच्या मसाजचे प्रशिक्षण असलेल्या थेरपिस्टकडून, कुशीवर झोपून मसाज घ्यावा. एका पायाला सूज, दुखणे वा लाली असेल तर मसाज न घेता आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. ही सूचना गर्भवतींपुरती नसून सर्वांसाठीच आहे. कोमट पाण्याच्या तलावात तरंगणे मात्र पाठीला फार सुखाचे वाटेल.

प्रश्न : जकुझीचे पाणी स्वच्छ आहे की नाही, हे पाहुण्याने कसे ओळखावे? क्लोरिनचा उग्र वास आला म्हणजे पाणी शुद्ध, असे समजावे का?

उत्तर : उलट समजावे. तो उग्र वास क्लोरिनचा घाम आणि लघवीतील द्रव्यांशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो; नीट राखलेल्या पाण्याला फारसा वास येत नाही. कोमट पाणी, हवेचे बुडबुडे आणि अनेक अंगे एकत्र आल्यामुळे जकुझीतील जंतुनाशक पोहण्याच्या तलावापेक्षा लवकर खर्ची पडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार जकुझीत क्लोरिन दशलक्ष भागांत किमान ३ भाग असावे, पीएच ७.० ते ७.८ दरम्यान असावा आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. हे आकडे दिवसातून अनेकदा तपासून नोंदवहीत लिहिले जातात. ती वही दाखवण्याची विनंती करण्यात काहीच वावगे नाही. चाचणीच्या कागदी पट्ट्या औषधांच्या किंवा तलावसाहित्याच्या दुकानात मिळतात.

डोळ्यांनीही बरेच कळते. तळ स्पष्ट दिसायला हवा, कडेची फरशी हाताला बुळबुळीत लागता कामा नये आणि फेस साचून राहिलेला नसावा. निष्काळजीपणे राखलेल्या पाण्यातून त्वचेवर खाजरे पुरळ उठते. त्याहून गंभीर म्हणजे लिजिओनेला हा जीवाणू. तो कोमट पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे फुप्फुसांत जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर अनेकांना झालेल्या न्यूमोनियामुळे तो प्रथम उजेडात आला. मुक्कामानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला आणि धाप लागली तर डॉक्टरांना जकुझी वापरल्याचे आवर्जून सांगावे. आणि पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करावी. पाणी खराब करणारे दुसरे कुणी नसून आपण पाहुणेच असतो.

प्रश्न : आईने आयुष्यभर कष्ट केले म्हणून आम्ही भावंडांनी तिला स्पा हॉटेलातील आठवड्याची भेट द्यायचे ठरवले. ती मात्र ‘मला नको, तुम्हीच जा’ म्हणते. तिला कसे तयार करावे?

उत्तर : तयार करण्याआधी तिला नको आहे ते नेमके काय, हे विचारावे. एकटीने राहणे नको असेल तर आपल्यापैकी एकाने किंवा तिच्या मैत्रिणीने सोबत जावे. अंगाला हात लावून घेणे नको असेल तर मसाजाविना केवळ खोली, बाग आणि कोमट पाण्याचा तलाव एवढेच ठरवावे. खर्च डोळ्यांत खुपत असेल तर आकडा तिच्यापुढे मांडू नये, आणि आठवड्याऐवजी दोन रात्रींचाच बेत करावा. फक्त दोनच रात्री असतील तर पहिली झोप कदाचित चांगली लागणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवावे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग काहीसा जागता राहतो. घरची उशी सोबत नेल्यास आणि खोली जिना किंवा लिफ्टपासून दूरची मागून घेतल्यास थोडी मदत होते.

आणि हे सगळे विचारूनही तिचे उत्तर ‘नको’ असेच असेल, तर बुकिंग रद्द करण्याची मुदत पाहून ते वेळीच रद्द करावे.